चालती गाडी अचानक बंद पडते तेव्हा: जुन्या मोटारीच्या इंजिनातला दोष कसा शोधावा

जुनी मोटार सकाळी घरासमोर सुरू झाली नाही, तर तो नुसता त्रास असतो; पण भर रस्त्यात धावताना तिचे इंजिन बंद पडले, तर त्रासाबरोबर धोकाही असतो आणि शिवाय एक वेगळीच पंचाईत होते. अशा प्रकारे बंद पडलेल्या बऱ्याच गाड्या वीस-पंचवीस मिनिटे उभ्या राहिल्या की आपोआप सुरू होतात. मालक गॅरेजपर्यंत पोहोचतो आणि तिथे मिस्त्रीसमोर गाडी कोणतीही कुरकुर न करता चालते. मिस्त्रीला दोष दिसतच नसल्यामुळे तो अंदाजाने प्लग बदलतो, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) धुतो, एखादा फिल्टर बसवतो, आणि पुढच्या रविवारी इंदूरहून ओंकारेश्वरला निघालेले कुटुंब सिमरोलच्या पुढे त्याच गाडीसह पुन्हा कडेला उभे असते. म्हणूनच, गाडी बंद पडल्यापासून ती पुन्हा सुरू होईपर्यंतचा वेळ हा दोष पकडण्याचा सर्वांत मोलाचा वेळ असतो, आणि तो सेल्फ मारण्यात किंवा फोनवर कुरकुर करण्यात घालवू नये. त्या वेळात गाडीजवळ उभे राहून, साध्या अवजारांनी आणि ठरावीक क्रमाने काय काय तपासता येते, ते इथे सांगितले आहे.

हे मार्गदर्शन मुख्यतः पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी आहे. त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात कार्ब्युरेटरच्या गाड्या येतात: अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, आणि डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या पहिल्या सतरा-एक वर्षांतल्या बहुतेक गाड्या. दुसऱ्या वर्गात २००० सालच्या प्रदूषण मानकांच्या आगेमागे सर्वत्र रूढ झालेल्या एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या येतात. आपली गाडी कोणत्या वर्गातली आहे, हे आधी नक्की करावे, कारण एका वर्गात चालणारी चाचणी दुसऱ्या वर्गात महागड्या भागाचा जीव घेऊ शकते.

आधी गाडी सुरक्षित जागी

इंजिन बंद पडले तरी गाडीचा वेग लगेच संपत नाही, आणि त्या शिल्लक वेगाचा उपयोग करून गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला न्यायची असते. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, चारही इंडिकेटर लावावेत आणि आरशात पाहत हळूहळू डावीकडे सरकावे. चावी पूर्ण मागे फिरवून काढू नये, कारण चावी निघाल्यावर स्टिअरिंगला कुलूप बसते. ब्रेकच्या बाबतीत नवशिक्यांना एक गोष्ट ठाऊक नसते: ज्या गाड्यांमध्ये ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टरची मदत असते, त्यांच्यात इंजिन थांबल्यावर ती मदत एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच उरते, आणि त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न सोडता एकदाच सावकाश आणि सलग दाबावा. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. गाडी वळते, पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो.

खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट, धामनोदकडे उतरणारा मानपूरचा घाट किंवा धुळ्याच्या वाटेवर सेंधव्यापुढचा बिजासन घाट, अशा ठिकाणी वळणावर थांबणे टाळावे. उतार असेल तर गाडी तशीच घरंगळू देऊन सरळ, दुरून दिसेल अशा जागी आणावी. हँडब्रेक ओढावा, चाकामागे दगड लावावा, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून दूर बसवावे, आणि लाल त्रिकोण मागे चांगला पन्नासेक पावलांवर ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ या क्रमांकांवर मदत मागता येते. पेट्रोलचा तीव्र वास येत असेल किंवा बॉनेटच्या फटीतून धूर दिसत असेल, तर पुढची एकही चाचणी करू नये. चावी बंद करून सर्वांनी गाडीपासून लांब जावे.

शेवटचे दहा सेकंद लिहून काढा

बॉनेट उघडण्यापूर्वी वही काढावी. इंजिन बंद पडण्याच्या आधीच्या काही सेकंदांत गाडीने जे वर्तन केले, त्यातच अर्धे निदान असते, आणि माणूस ते पाच मिनिटांत विसरतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, आपल्या अंदाजाला सोयीचे असे आठवू लागतो.

चावी बंद करावी तसे इंजिन एका क्षणात, कसलाही धक्का न देता थांबले असेल, तर संशय प्रथम विजेवर घ्यावा: कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज बनवणारा भाग), पॉइंट (कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा संपर्क), इग्निशन स्विच, सेन्सर, एखादी तुटकी वायर. उलट गाडी आधी धक्के खाऊ लागली, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही ओढ कमी होत गेली आणि मग ती दम तोडून थांबली, तर पेट्रोल कमी पोहोचत असण्याची शक्यता मोठी. याचे कारण साधे आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल नेहमी साठलेले असते. मागून पुरवठा तुटला तरी त्या साठ्यावर गाडी थोडे अंतर जाते आणि साठा संपताना मिश्रण पातळ होत होत इंजिन मरते. विजेला असा साठा नसतो.

याशिवाय आणखी काही प्रश्नांची उत्तरे लिहावीत. बंद पडताना डॅशबोर्डवरचे दिवेही गेले का, की फक्त इंजिन थांबले? आधीपासून हेडलाइट मंद होत होते का, वायपर आळसावले होते का? तापमानाचा काटा कुठे होता? मोठा खट्ट असा आवाज आला का? खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून गेल्यावर लगेच बंद पडली का? गाडी किती वेळ चाललेली होती, टाकीत पेट्रोल किती होते, पाऊस होता का, चढ होता का? केवळ इंदूरच्या पलासियासारख्या चौकात सिग्नलला उभे असताना, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढल्यावर बंद पडत असेल, तर तो वेगळा आणि सौम्य आजार आहे: कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलचा, म्हणजे इंजिन जागेवर मंद चालवणारा, जेट किंवा त्याचा सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह), एमपीएफआयमध्ये काळवंडलेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) किंवा आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह, आणि दोन्हींत व्हॅक्यूमची फाटलेली रबरी नळी. हे काम घरी आल्यावर निवांत करता येते.

चावी काय सांगते

आता चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवावी. बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे. काहीच लागत नसेल, हॉर्नही वाजत नसेल, तर दोष बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य रस्त्यात आहे. बॅटरीची दोन्ही टर्मिनले हाताने पिळून पाहावीत. हाताने हलणारे टर्मिनल सैलच समजावे. त्यांच्यावर पांढरट-हिरवा थर चढला असेल तर तो खरवडावा. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची (अर्थिंगची) जाड पट्टी आणि बॅटरीजवळचा मुख्य फ्यूजही पाहावा. हॉर्न वाजतो पण हे दिवे लागत नाहीत, असे असेल तर इग्निशन स्विचकडे वळावे. चावीच्या कड्यात घराच्या, दुकानाच्या आणि तिजोरीच्या डझनभर चाव्या अडकवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्या गाडीचा स्विच वर्षानुवर्षे त्या ओझ्याने झिजतो, आणि खड्ड्यात कडे हिंदकळले की आतला संपर्क क्षणभर सुटतो. चावी हलकेच इकडेतिकडे हलवून दिवे लुकलुकतात का, हे पाहणे एवढीच याची चाचणी आहे.

दिवे ठीक लागत असतील तर सेल्फ एकदाच, चार-पाच सेकंद मारावा आणि कान द्यावा. नेहमीच्या लयीत इंजिन फिरत असेल तर पुढच्या भागाकडे जावे. सेल्फ रडत रडत फिरत असेल तर बॅटरी उतरली आहे. गाडी धावत असताना बॅटरी उतरते याचा अर्थ अल्टरनेटर तिला भरत नव्हता. फॅन बेल्ट जागेवर आहे का, हे आधी पाहावे, कारण बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो आणि तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो आणि तापमानही चढते. मल्टिमीटर असेल तर भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवते. चालू इंजिनावर १२.५ च्या खाली आकडा दिसला तर चार्जिंग होत नाही, हे नक्की झाले.

सेल्फ नेहमीपेक्षा वेगाने, कसलाही भार नसल्यासारखा भर्रकन फिरला, तर तिथेच थांबावे. ते टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडमीट जुळवणारा पट्टा) तुटल्याचे लक्षण असू शकते, आणि काही इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, त्यामुळे प्रत्येक वेळी सेल्फ मारणे म्हणजे नुकसान वाढवणे. खात्री करण्याची एक सोपी युक्ती आहे. ज्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, चालतो, आणि मारुती ८०० त्यांतलीच, तिथे डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून सोबत्याला क्षणभर सेल्फ मारायला सांगावे. इंजिन फिरते पण आतला रोटर फिरत नाही, असे दिसले की बेल्ट गेला. मग रस्त्यावर करण्यासारखे काही उरत नाही, टोइंगची गाडी बोलवावी. इंजिन मुळीच फिरत नसेल, सेल्फ फक्त ‘टक’ करत असेल आणि त्याआधी काटा लाल भागात गेलेला किंवा ऑइलचा दिवा लागलेला असेल, तर इंजिन जाम झाले असण्याची भीती आहे. तिथेही जोर लावू नये.

तापून बंद पडलेल्या गाडीबद्दल एवढेच: रेडिएटरचे झाकण निदान अर्धा-पाऊण तास उघडू नये, उघडताना त्यावर जाड फडके टाकावे, आणि लालबुंद तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये.

करंट आहे का?

सेल्फ नीट फिरतो आणि तरी इंजिन पकडत नाही, तेव्हा प्रश्न दोनच उरतात: प्लगवर करंट येतो का, आणि आत पेट्रोल पोहोचते का. बहुतेक लोक आधी पेट्रोलची नळी उपसतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. ठिणगीची चाचणी करायची असेल तर ती पेट्रोल सांडण्याआधी करावी; तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडालेले असताना ठिणग्या पाडणे हा निव्वळ अविचार आहे.

डिकीत एक जुना पण चालू प्लग ठेवलेला असावा. एका सिलिंडरची एचटी वायर (प्लगकडे वीज नेणारी जाड वायर) काढून ती या सुट्या प्लगला लावावी, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून रबरी पकडीने धरावा किंवा तारेने बांधावा, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. निळसर, चट्‌चट्‌ आवाज करणारी ठिणगी दिसली तर विजेची बाजू त्या क्षणी तरी ठीक आहे. पिवळी, मरतुकडी किंवा अधूनमधून पडणारी ठिणगी संशयास्पद. नुसत्या हाताने वायर धरू नये. हा धक्का जीवघेणा ठरू शकतो, विशेषतः हृदयविकार असलेल्यांना. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या आणि एमपीएफआयच्या गाड्यांत एचटी वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ कधीही मारू नये, कारण वाट न मिळालेली वीज इग्निशन मॉड्यूल (पॉइंटचे काम करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) जाळते.

ठिणगी नसेल तर कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत दोष नेमक्या जागी आणण्यासाठी बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. हा साधा बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई. आधी कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी मधली जाड वायर काढून तिच्यावर तीच ठिणगीची चाचणी करावी. तिथे ठिणगी जोरदार आहे आणि प्लगवर मात्र नाही, तर दोष रोटरमध्ये किंवा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात आहे. झाकणाच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर तिथून वीज अर्थला पळते आहे, असे समजावे; पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी गेल्यावर आत ओल जमूनही हेच होते, आणि कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी सुरू होते. काळी रेघ मात्र पुसून जात नाही, झाकण बदलावे लागते.

मधल्या वायरवरही ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा अर्थला लावून चावी ‘ऑन’ करावी आणि सुई कॉइलच्या ‘धन’ टोकावर ठेवावी. बल्ब लागला नाही, तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही: स्विच, फ्यूज किंवा मधली वायर. बल्ब लागला, तर सुई ‘ऋण’ टोकावर न्यावी आणि सेल्फ मारून पाहावा. इथे बल्ब लुकलुकला पाहिजे. लुकलुकतो पण ठिणगी नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा भाग) गेला. सतत पेटलेलाच राहतो, तर पॉइंट बंद होत नाहीत, म्हणजे ते जळाले आहेत किंवा त्यांच्यात घाण आहे. मुळीच पेटत नाही, तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा त्यांची वायर कुठेतरी अर्थला टेकली आहे, किंवा कॉइलच्या आतली तारच तुटली आहे. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना त्यांतले अंतर बहुतेक जुन्या गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यांचा फायबरचा टेकू झिजला की हे अंतर कमी होत होत एक दिवस संपते.

याच जागी एक दोष लपून बसतो, जो चांगल्या मिस्त्रींनाही चकवतो. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटकडे जाणारी बारीक वायर आतल्या पत्र्यासोबत सतत थोडीथोडी हलत असते, कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम त्या पत्र्याला फिरवतो. वर्षांनंतर तिच्या आतले तांबे तुटते, पण बाहेरचे आवरण शाबूत राहते. उभ्या गाडीत वायर जुळलेली, चढावर वायर तुटलेली! ती दोन बोटांत धरून हलके ताणून पाहावी. निरोगी वायर ताणली जात नाही, आतून तुटलेली रबरासारखी लांबते.

आणखी एक लक्षण ओळखण्यासारखे आहे. सेल्फ मारत असेपर्यंत इंजिन पकडते आणि चावी सोडताच मरते, असे घडत असेल तर कॉइलच्या वाटेवरचा बॅलास्ट रेझिस्टर (तिची वीज आवरता ठेवणारा भाग) किंवा स्विचमधला ‘ऑन’चा संपर्क गेला आहे, सेल्फच्या वेळी वीज दुसऱ्या वाटेने येते, म्हणून तेवढा वेळ इंजिन जगते. बॅलास्ट सर्व गाड्यांत नसतो.

गरम झाल्यावरच मरणारे भाग

कॉइल, कंडेन्सर, इग्निशन मॉड्यूल आणि क्रँक सेन्सर, या चौघांची सवय एकसारखी: थंड असताना उत्तम, तापल्यावर मृत, पुन्हा थंड झाल्यावर उत्तम. आत तारेचा बारीक तडा असतो आणि उष्णतेने धातू प्रसरण पावून तो उघडतो. म्हणून ठिणगीची चाचणी गाडी बंद पडल्याच्या पहिल्या पाच मिनिटांतच करण्याला इतके महत्त्व आहे. ठिणगी नाही असे दिसले की वेळ लिहावी, दर पाच मिनिटांनी चाचणी पुन्हा करावी आणि ठिणगी कधी परतली तेही लिहावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत संशयित कॉइलवर ओले फडके ठेवून ती निवल्यावर ठिणगी लवकर परतली, तर पुरावा भक्कम झाला.

एमपीएफआय गाडीत क्रँक सेन्सर, किंवा काही गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमधला कॅम सेन्सर, इंजिन फिरते आहे हे संगणकाला सांगतो. तो मुका झाला की संगणक ठिणगीही थांबवतो आणि पेट्रोलही, म्हणून दोन्ही एकाच वेळी गायब होणे हीच त्याची खूण. आरपीएमचा काटा असलेल्या गाडीत सेल्फ मारताना तो काटा शून्यावरच चिकटून राहिला, तर संशय आणखी बळावतो. संगणकाच्या वायरींवर टेस्ट लॅम्प लावू नये. फक्त मल्टिमीटर वापरावा. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल तर संगणकात दोषाचा संकेत नोंदलेला असण्याची शक्यता आहे, मात्र आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीनेच आपले दोष नोंदवण्याच्या यंत्रणेची, सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली; त्याआधीच्या गाड्यांना बाजारातले स्वस्त स्कॅनर बहुधा लागत नाहीत आणि त्या त्या कंपनीचे यंत्र बाळगणारे जुने गॅरेज शोधावे लागते. बॅटरी काढून ठेवल्यास नोंद पुसली जाते, हे लक्षात ठेवून ती वाचण्याआधी बॅटरीला हात लावू नये.

पेट्रोल पोहोचते का?

ठिणगी चांगली असेल तरच इकडे वळावे. पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या गाडीत तो सवयीने पाव टाकी दाखवत राहतो. मग टाकीचे झाकण उघडावे, आणि ते उघडताना हवा आत खेचली जाण्याचा सुस्कारा ऐकू येतो का, याकडे लक्ष द्यावे. पेट्रोल वापरले जाते तशी बाहेरची हवा टाकीत यायला हवी; झाकणाचे किंवा टाकीचे हवेचे छिद्र बुजले की आत निर्वात पोकळी तयार होते आणि पंप हरतो. झाकण उघडताच गाडी लगेच सुरू झाली तर शंभर-दीडशे रुपयांत आटोपणारा दोष सापडला म्हणायचे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत एअर फिल्टरचे झाकण काढून, इंजिन आणि चावी बंद असताना, कार्ब्युरेटरच्या तोंडात वरून पाहत अ‍ॅक्सिलरेटरची तार एकदा झटक्यात ओढावी. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. उडाली नाही, तर पुरवठा तुटला आहे. त्यामागे कचऱ्याने भरलेला फिल्टर असतो, किंवा पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा, मिस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात त्याचा, फाटलेला डायफ्रॅम (आतला पडदा). डायफ्रॅम फाटल्यावर पेट्रोल काही पंपांतून इंजिनच्या ऑइलमध्येही उतरते, म्हणून ऑइलची काडी काढून तिचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आणि वाढलेली पातळी दिसली तर ऑइल बदलेपर्यंत इंजिन चालवू नये. भरलेला फिल्टर सपाट रस्त्यावर, कमी वेगात गाडी चालू देतो आणि चढावर किंवा वेग वाढवल्यावर उघडा पडतो.

माळव्यात नवतपाच्या, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या, दिवसांत व्हेपर लॉक हा दोष खास डोके वर काढतो. गर्दीतून रांगत आलेल्या किंवा घाट चढलेल्या गाडीत सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या नळीतच पेट्रोल उकळते, तिथे वाफेचा बुडबुडा अडकतो, आणि वाफ खेचणारा पंप पेट्रोल पुढे ढकलू शकत नाही. पंपावर आणि नळीवर पाण्याने भिजवलेले फडके गुंडाळून काही मिनिटांत गाडी सुरू झाली, तर निदान झाले. पाणी डिस्ट्रिब्युटरवर सांडणार नाही याची काळजी घ्यावी. ओल्या फडक्याने तात्पुरते घरी पोहोचता येते, पण पुढे नळी मॅनिफोल्डपासून दूर बांधणे, तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवणे आणि इंजिन मुळातच जास्त तापत नाही ना हे पाहणे, हे सगळे करावे लागते.

आता सर्वत्र मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांची एक नवी अडचण उभी केली आहे. त्या काळच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि सील या मिश्रणासाठी घडवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि त्यांचा भुसा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते, आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत पाणी पुरेसे जमले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी, अगदी नळीच्या तोंडाशी साचते. पारदर्शक काचेच्या बाटलीत टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल काढून दहा मिनिटे ठेवले की खाली वेगळा थर दिसतो.

एमपीएफआयमध्ये चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन-तीन सेकंद पंपाची घूं अशी गुणगुण ऐकू यायला हवी. ती आली नाही तर फ्यूज पाहावा, मग पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) काढून त्याच्या जागी त्याच क्रमांकाचा दुसरा, बहुधा हॉर्नचा, रिले लावून पाहावा. तरीही शांतता असेल तर सोबत्याला चावी ‘ऑन’ करायला सांगून टाकीच्या तळावर रबरी चपलेने दोन-चार थापा माराव्यात. झिजलेल्या कार्बन ब्रशचा पंप अशा थापेने जागा होतो आणि त्यातून त्याची शेवटची घटका आल्याचेही कळते. हा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

गॅसचे किट बसवलेल्या गाडीत सर्वांत आधी स्विच पेट्रोलवर करून पाहावा. पेट्रोलवर चालली तर वरचे बहुतेक सगळे सोडून देऊन किटच्या सोलेनॉइडकडे, फिल्टरकडे आणि रेग्युलेटरकडे पाहायचे, पण गॅसच्या नळ्या स्वतः सोडवायच्या नाहीत. जुन्या डिझेल गाड्यांत ठिणगीचा प्रश्नच नसल्याने संशय डिझेल थांबवणाऱ्या सोलेनॉइडवर, भरलेल्या फिल्टरवर आणि नळीत शिरलेल्या हवेवर घ्यावा. हातपंप मारून हवा काढता येते.

मिस्त्रीकडे जाताना

इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग अशा भागांतल्या जुन्या मराठी घरांतून आजही जपलेल्या पद्मिनी आणि ८०० दिसतात, मात्र पॉइंट-कंडेन्सर हाताळलेले मिस्त्री दरवर्षी कमी होत आहेत. नव्या पिढीतला कारागीर हुशार असतो, पण तो स्कॅनरला विचारतो आणि या गाड्या स्कॅनरशी बोलत नाहीत. म्हणून वहीतली टिपणे त्याच्यासमोर ठेवावीत. “गाडी बंद पडते” एवढेच न सांगता, “पस्तीस किलोमीटर चालल्यावर, चढावर, झटक्यात बंद पडली, सेल्फ ठीक, कॉइलच्या धन टोकावर वीज होती, ऋणावर बल्ब लुकलुकत होता, ठिणगी नव्हती, अठरा मिनिटांनी परत आली” असे सांगितले तर तो कार्ब्युरेटरला हातही लावणार नाही. एका वेळी एकच भाग बदलून घ्यावा आणि काढलेला भाग मागून घ्यावा. तीन भाग एकदम बदलले तर गाडी बरी होते, पण कशाने झाली ते कळत नाही, आणि स्वस्त बनावटीचा नवा कंडेन्सर जुन्यापेक्षा लवकर मरतो, हा अनुभव या गाड्या चालवणाऱ्या बहुतेकांच्या गाठीशी असतो.

दुरुस्तीनंतरची परीक्षा गॅरेजच्या गल्लीत फेरी मारून होत नाही. ज्या परिस्थितीत गाडी बंद पडली होती तीच पुन्हा निर्माण करावी: दुपारची वेळ, तितकेच अंतर, तोच चढ, टाकीत साधारण तेवढेच पेट्रोल. सोबत एक जाणते माणूस, पाण्याची मोठी बाटली, फडके, टेस्ट लॅम्प, सुटा प्लग, प्लग पाना, पेचकस, चिकटपट्टी, एक जादा रिले आणि लहान अग्निशामक असावे. तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी, गाडी न अडखळता परतली, तर दूरच्या प्रवासाला न्यावी. तोवर धुळे-नाशिकचा बेत रेल्वेने किंवा बसने करावा.